‘बाडो!’ : नैरोबीत गावरान पालेभाज्या शिजवायला शिकताना

‘किएन्येजी’ हा स्वाहिली शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपला ‘गावरान’ म्हणजेच तो. कोंबडी किएन्येजी, अंडी किएन्येजी, तशाच भाज्याही: ‘म्बोगा झा किएन्येजी’. केनियात नवीन आलेली मराठी घरं बहुतेक सुकुमा विकी या पालेभाजीवर थांबतात. ती शिजवायला सोपी असते आणि कोबीच्या कुळातली असल्याने चवही ओळखीची वाटते. मनागू, सागा, कुंडे, म्रेंडा या जुड्या शेजारीच पडलेल्या असतात, पण हात जात नाही. एकदा आणलेली भाजी कडूजहर होऊन टाकून दिली, की पुन्हा जाणारही नाही. या भाज्या शिकायला आमच्या घरी मार्च ते जून २०२५ असे चार महिने गेले. त्यात काय चुकलं आणि का चुकलं, ते क्रमाने लिहितो आहे.

सुरुवात मार्चमध्ये करण्याला कारण आहे. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. पाऊस लागला की पानं कोवळी येतात, जुड्या जाड होतात आणि भाव उतरतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्यात तीच जुडी बारीक, निबर आणि महाग असते. आम्हाला जुडी २० ते ५० शिलिंगांना मिळत गेली. तेव्हा १०० शिलिंग म्हणजे साधारण ६६-६७ रुपये होत होते. चार माणसांच्या एका जेवणाला तीन-चार जुड्या लागतात. देठांसकट किलोभर भाजी आणली तर निवडून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास पानं उरतात आणि शिजल्यावर त्याची जेमतेम दोन वाट्या होतात. पहिल्यांदा हमखास कमी आणली जाते.

बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात दंड चाळीस लाख शिलिंगांपर्यंत आहे. मुंबईहून सामान बांधताना सवयीने घातलेल्या पिशव्याही विमानतळाआधीच काढून ठेवाव्यात. पैसे मोबाइलवरून एम-पेसाने देता येतात, पण त्यासाठी पासपोर्ट दाखवून सिम नोंदवावं लागतं. ते होईपर्यंत सुटे पैसे जवळ ठेवा, कारण ३० शिलिंगांच्या जुडीला हजाराची नोट दिली की ‘मामा म्बोगा’ (भाजीवाल्या बाईंना हेच म्हणतात) आधी नोटेकडे आणि मग तुमच्याकडे बघतात. भाजी कुठून आली, हे मात्र जरूर विचारा. शहरातल्या नाल्याकाठी, सांडपाण्यावरही पालेभाजी पिकते. नेहमीची एक बाई धरून ठेवली की ही चौकशी सोपी होते.

८ मार्च, शनिवार. पहिली भाजी मनागू. ही आपल्याकडची कामोणी, म्हणजे तिच्याच कुळातली, पण भाजीसाठी लावलेली. दोन प्रकार दिसतात. एक मोठ्या रुंद पानांचा, त्याची फळं पिकल्यावर जांभळी-काळी होतात. दुसरा लहान पानांचा आणि नारिंगी फळांचा. लहान पानांचा जास्त कडू. आम्ही अर्थातच लहान पानांचा आणला, कारण तो मेथीसारखा दिसत होता, आणि मेथीसारखाच केला: लोखंडी कढई, लसूण, हिरवी मिरची, सात मिनिटं, वरून मीठ. भाजी चिवट झाली आणि घास गिळला तरी कडूपणा जिभेवरून हलेना.

कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी सांगितलं. त्या पश्चिमेकडच्या किसिई भागातल्या. मनागूला त्यांच्या भाषेत ‘रिनागू’ म्हणतात. या पानातला कडूपणा पाण्यात उतरतो. परतताना पानाचं पाणी आटतं, म्हणजे कडूपणा आणखी घट्ट होतो, आणि वर मिरची घातली की जीभ दोन्हीकडून भाजते. मेथीचा कडूपणा हवाहवासा असतो, म्हणून आपण तिचं पाणी करत नाही. मनागूला पाणीच लागतं.

१५ मार्चला त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा केली. निवडताना पानं आणि कोवळे शेंडे घ्यायचे, फळं सगळी काढून टाकायची. कच्च्या हिरव्या फळांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य असतं, तिथे आळस नको. भाजी तीन पाण्यांत धुवायची. पावसाळ्यात पानांच्या मागे लाल माती चिकटलेली असते, म्हणून पानं पाण्यात बुडवून हाताने वर उचलायची. भांडं चाळणीत ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मोठ्या पातेल्यात (इथलं ‘सुफुरिया’, बिनकानाचं ॲल्युमिनियमचं) दीड लिटर पाणी उकळायचं, त्यात साडेचारशे ग्रॅम पानं अख्खीच टाकायची आणि झाकण न ठेवता शिजवायची.

दहा मिनिटांनी विचारलं, झालं का? “बाडो.” म्हणजे अजून नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा, “बाडो.” पान बोटांत धरून चिमटल्यावर शिरेसकट तुटलं पाहिजे, ही खूण. अठराव्या मिनिटाला तुटलं. पाणी गाळून टाकलं, एक पळीभर ठेवलं. मग दोन मोठे चमचे तेलावर एक मोठा कांदा गुलाबी केला, टोमॅटो विरघळू दिले, त्यावर पानं, आणि पाच मिनिटांनी एक कप दूध. हो, दूध. मंद आचेवर पंधरा मिनिटं, दूध पानांना धरेपर्यंत. मीठ शेवटी.

त्या दिवशी दूध फाटलं. दोन चुका होत्या: टोमॅटो दोन घातले होते आणि दूध फ्रिजमधून थेट उकळत्या भाजीत ओतलं होतं. आंबट आणि गरम यांच्या तावडीत थंड दूध सापडलं की दाणे धरतात. चव बिघडत नाही, भाजी फक्त रवाळ दिसते. पुढच्या वेळी टोमॅटो एक केला, दूध आधी तापवून घेतलं, आच कमी करून तीन वेळा थोडंथोडं घातलं. पुन्हा कधी फाटलं नाही. दुधाऐवजी पाव कप साय घातली तर धोका आणखी कमी.

पालेभाजीत दूध ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी अळूच्या फदफद्यात आपण काय काय घालतो ते आठवावं. इथे दुधाचं काम कडूपणा झाकण्याचं नाही, तो गोलसर करण्याचं आहे. कडूपणा अजिबात नको असेल तर मनागू आणायचीच नाही, तेरेरे आणायची.

तेरेरे म्हणजे माठ-राजगिऱ्याचा सख्खा भाऊबंद. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. उकळायची नाही, चिरून कांद्या-टोमॅटोवर आठ-दहा मिनिटं झाकून शिजवायची. तिचा खरा उपयोग मनागूत मिसळायला. पहिल्या महिन्यात निम्मी मनागू आणि निम्मी तेरेरे असं प्रमाण ठेवा, मग हळूहळू तेरेरे कमी करा. मनागू आधी उकळून घ्यायची, तेरेरे थेट परतताना घालायची. दोन्ही एकत्र उकळल्या तर तेरेरेचा लगदा होतो.

२१ मार्च, शुक्रवार संध्याकाळ. सागा. शुक्रवार मुद्दाम सांगतो आहे, कारण ही भाजी रविवारी खायची असते. सागा म्हणजे आपली पांढरी तिळवण, तीच वनस्पती. एका देठावर हाताच्या बोटांसारखी पाच पानं, कधी तीन, कधी सात. घरात आणताच उग्र वास पसरतो, त्याला घाबरायचं नाही, शिजताना तो उतरतो. किसिईत तिला ‘चिन्सागा’ म्हणतात आणि बाळंतिणीला आवर्जून देतात, आपल्याकडे अळीव-डिंकाचे लाडू देतात तसं.

चार जुड्या निवडल्या. देठ टाकायचे, कोवळे शेंडे ठेवायचे. वीस ते पंचवीस मिनिटं उकळल्यावर पाणी गडद हिरवं-काळं होतं, ते टाकायचं. मग दोन कप तापवलेलं दूध घालून मंद आचेवर वीस मिनिटं. चाखली तर कडूच. बाईंना चमचा दिला. त्यांनी चाखली, झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, “केशो.” उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपभर दूध घालून एक सणसणीत उकळी आणि मग मंद आच. रात्री पुन्हा तेच. रविवारी त्यात दोन चमचे ‘साम्ली’ म्हणजे तूप. तोवर पानांनी दूध पिऊन टाकलेलं असतं, भाजी जवळजवळ काळी आणि लोण्यासारखी होते, कडूपणा तोंडात येतो आणि मागे गोडसर चव ठेवून जातो. शुक्रवारी रात्री जी भाजी फेकून द्यावीशी वाटली होती, ती हीच, यावर विश्वास बसत नाही.

पश्चिम केनियात ही भाजी ‘चुंगू’त, म्हणजे मातीच्या मडक्यात, दोन-तीन दिवस अशीच मुरवतात. पण त्यामागे एक शिस्त आहे जी कुणी बोलून दाखवत नाही, कारण घरात सगळ्यांना ती ठाऊक असते. दर बारा तासांनी भाजीला खळखळून उकळी द्यायचीच, आणि खाण्यापुरती वेगळ्या चमच्याने काढून घ्यायची. एक वेळची उकळी चुकली की दूध आंबतं. फ्लॅटमध्ये उबदार ओट्यावर हा खेळ नको. भाजी लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर काढून उकळा. चव तीच येते. मडकंच हवं असेल तर नवं मडकं रात्रभर पाण्यात भिजवा, मग त्यात पेज उकळून घ्या, आणि गॅसवर आच नेहमी मंद ठेवा. आमचं पहिलं मडकं मोठ्या आचेवर तडकलं.

५ एप्रिलला कुंडे, म्हणजे चवळीच्या वेलाची पानं. ही कडू नाहीत, पण चामडी आहेत. प्रत्येक शेंड्याची वरची तीन पानंच घ्यायची, देठ मोडून दोरा ओढून काढायचा, घेवडा निवडतो तसा. नुसत्या पाण्यात अर्धा तास उकळली तरी खाताना तोंडात चोथा राहिला. इथे मगाडी लागते. नैरोबीच्या दक्षिणेला मगाडी नावाचं सरोवर आहे, त्यातून निघणारा हा खार, पापडखारासारखा. बाजारात खडे मिळतात. खडा थेट भाजीत टाकू नका, त्यात माती असते. पाण्यात विरघळवा, निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी वापरा. पाचशे ग्रॅम पानांना सपाट पाव चमच्याएवढा खार पुरतो, मग पंधरा मिनिटांत पानं मऊ होतात. जास्त झाला तर भाजी झगझगीत हिरवी दिसते, पण तिचा लगदा होतो आणि साबणाची चव येते. शिवाय खाराने क जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून मऊ पानांना तो वापरायचाच नाही.

पश्चिम केनियातल्या लुह्या लोकांच्या घरी मगाडीऐवजी राखेचं पाणी असतं. घेवड्याची वाळलेली टरफलं जाळून राख करतात, भोकाच्या भांड्यात भरतात, वरून पाणी सोडतात, खाली तपकिरी पाणी ठिबकतं. त्याने भाजी मऊ होते आणि मिठाचीही थोडी बचत होते. त्याची चव खारापेक्षा सौम्य असते. ओळखीच्या घरून बाटलीभर मिळालं तर नाही म्हणू नका.

कुंडे उकळल्यावर दोन वाटा फुटतात. पश्चिमेकडे शेंगदाणे, किनाऱ्यावर नारळ. शेंगदाण्यांच्या वाटेने जाताना आम्ही आपला नेहमीचा कूट घातला आणि तो तळाशी बसून लागला. भाजलेले शंभर ग्रॅम दाणे तेल सुटेपर्यंत वाटायचे, अर्धा कप पाण्यात कालवायचे, मग घालायचे आणि दहा मिनिटं सतत ढवळायचं. नारळाची वाट मात्र कोकणातून आलेल्यांना पाठ असते: दुसरा पातळ रस आधी, त्यात भाजी शिजवायची, पहिला दाट रस शेवटी आणि त्यानंतर उकळी नाही. मोम्बासाकडे तेरेरेला ‘मचिचा’ म्हणतात आणि नारळाच्या रसातली ‘मचिचा वा नाझी’ भाताबरोबर वाढतात. दिवसभराच्या प्रयोगांनी कंटाळलेल्या घराला ही भाजी पहिल्या दिवशी आवडते.

३ मे. म्रेंडा. ज्या पानाची सगळ्यांत जास्त धास्ती होती ते हे. मराठीत मोठी छुंच. इजिप्तमध्ये याच पानाचं ‘मोलोखिया’ करतात आणि बंगालात याच झाडापासून ताग निघतो. पान शिजलं की बुळबुळीत होतं. भेंडीची तार मोडायला आपण आमसूल टाकतो. इथे उलट तार वाढवायला खार टाकतात. आमसूल टाकून बघितलं, तार मोडली आणि भाजीत काहीच उरलं नाही. म्रेंडात ती तारच खायची असते.

रीत अशी: दोन कप पाण्यात पाव चमचा खार घालून उकळी आणायची, अडीचशे ग्रॅम कुंडेची पानं दहा मिनिटं शिजवायची, मग तेवढीच म्रेंडाची पानं टाकून सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. तेल नाही, टोमॅटो नाही, फक्त मीठ. झाकण ठेवायचं नाही. आम्ही ठेवलं, आणि मिनिटाभरात हिरवा फेस उतू जाऊन शेगडीवर पसरला. तो वाळल्यावर डिंकासारखा बसतो आणि खरवडायला अर्धा तास लागतो. कुंडेमुळे म्रेंडाला अंग येतं, म्रेंडामुळे कुंडे घशाखाली घसरते.

हे खायचं उगालीबरोबर, चमच्याने नव्हे. तीन कप पाणी उकळायचं, पांढऱ्या मक्याचं मूठभर पीठ वैरून दोन-तीन मिनिटं पेज होऊ द्यायची, मग एकूण सव्वादोन कपांपर्यंत पीठ घालत ‘म्विको’ने, लाकडी उलथन्याने, भांड्याच्या कडेला दाबून दाबून घोटायचं. तांदळाची उकड काढलेल्या हातांना हे जमतं, पण उगालीला जास्त वेळ लागतो, आठ-दहा मिनिटं. गोळा कडा सोडतो आणि भाजक्या मक्याचा वास येतो, तेव्हा झाली. लवकर उतरवली तर पीठ दाताला कचकचतं. गोळा हातात वळून अंगठ्याने खळगा करायचा, त्यात म्रेंडा उचलायची आणि मनगट एकदा फिरवायचं, म्हणजे तार तुटते. हे मनगट जमायला तीन जेवणं लागली आणि दोन शर्ट खराब झाले. ‘विंबी’ची म्हणजे नाचणीची तपकिरी उगाली मिळाली तर आणखी छान. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली आहे, त्यामुळे सागाच्या भाजीबरोबर नाचणीची भाकरी थापली तरी कुणी परकं म्हणणार नाही.

मे महिन्यापर्यंत एक गोष्ट लक्षात आली होती. आता सुपरमार्केटात या जुड्या निवडून, बांधून मिळतात, पण एके काळी हे तण आणि गरिबाचं अन्न मानलं जाई. १९९० च्या दशकापासून संशोधकांनी चिकाटीने काम केलं. जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो त्यांपैकी एक. पारंपरिक अन्न जपण्याच्या केनियाच्या या प्रयत्नांची युनेस्कोने २०२१ मध्ये दखल घेतली. तरीही तरुण घरांत आज उकळून, पाणी टाकून, अर्ध्या तासात उरकलेली मनागूच जास्त दिसते. तीन दिवसांची सागा करायला घरात कुणीतरी हवं असतं.

जूनमध्ये गच्चीत मातीच्या गोण्यांत या भाज्या लावल्या. घरमालकाची लेखी परवानगी घ्या. आम्हाला त्यात दोन आठवडे गेले, कारण गळतीची भीती होती. मनागू भराभर आली. पाचव्या आठवड्यात शेंडे खुडले की बाजूने फुटत राहते. सागाचं बी मात्र रुसलं. ताजं बी काही महिने झोपलेलं असतं, चांगलं उगवत नाही. दुकानातून घेताना पाकिटावरची तारीख बघा आणि यंदाच्या झाडाचं बी पुढच्या पावसासाठी ठेवा. फुलं आली की लगेच खुडा, नाहीतर झाड पानं देणं थांबवतं.

हे बी भारतात न्यायचा मोह सगळ्यांना होतो. खिशातून नेऊ नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बियांना आयात परवाना लागतो आणि केनियातून निघताना तिथल्या वनस्पती आरोग्य खात्याचं, केफिसचं, प्रमाणपत्र लागतं. चार चमचे बियांसाठी एवढं करण्यापेक्षा आपल्याकडचीच झाडं शोधावीत. माठ बारमाही आहे. तिळवण आणि मोठी छुंच पावसाळ्यात रानभाज्या विकणाऱ्या बायकांकडे विचारून बघा. कामोणी माहीतगाराने ओळखून दिल्याशिवाय माळावरून खुडून आणू नका. आणि कुंडेसाठी मंडईत नुसती ‘चवळी’ मागितली तर हातात चवळई, म्हणजे माठाचीच जात, पडते. ‘चवळीच्या वेलाचे कोवळे शेंडे’ असं सांगा, आणि शेंगा विकणाऱ्या शेतकऱ्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, कारण आपल्याकडे ते शेंडे गुरांना जातात.